उन्हाळ्यात ०.१ नॉर्मल कॉस्टिक ०.१ का राहत नाही? टायट्रेशनचं रीडिंग दरवर्षी सरकत असेल तर काय तपासायचं

"मॅम, आमचं सगळ्यांचं १०.६ येऊन राह्यलं."

परीक्षेच्या दिवशी हे वाक्य कानावर आलं की माझं लक्ष आधी मुलांकडे जात नाही, मागच्या टेबलावरच्या बाटल्यांकडे जातं. बी.एस्सी. पहिल्या वर्षाचं साधं टायट्रेशन आहे, म्हणजे एका द्रावणात दुसरं थेंबाथेंबाने सोडून रंग बदलेपर्यंत किती लागलं ते मोजायचं. कॉनिकल फ्लास्कमध्ये १० मिली ऑक्झॅलिक आम्ल, ब्युरेटमध्ये (खुणा असलेल्या नळीत) कॉस्टिक सोडा, आणि आम्ल संपताच गुलाबी होणाऱ्या फिनॉलफ्थॅलीनचे दोन थेंब. दोन्ही बाटल्यांवर ०.१ नॉर्मल लिहिलेलं, म्हणजे दोन्हींची संहती (तीव्रता) सारखी, तेव्हा रीडिंग १०.० मिलीच्या आसपास यायला हवं. पण उन्हाळी परीक्षा आल्या की ते १०.४ येतं, १०.६ येतं, एका वर्षी तर १०.९ पर्यंत गेलं. पावसाळ्यात नव्या बाटल्या उघडल्या की सगळं ठीक होतं आणि पुढच्या एप्रिलात पुन्हा तेच सुरू.

नागपुरातल्याच दुसऱ्या कॉलेजांतल्या लॅब असिस्टंट मंडळींशी बोलले तेव्हा कळलं की ही तक्रार एकट्या आमची नाही. बारावीच्या प्रयोगशाळा सांभाळणारेही हेच सांगतात. म्हणून याचा छडा कसा लागला आणि आता आम्ही काय करतो ते सविस्तर लिहिते आहे.

एक गोष्ट आधीच सांगते. वीस मुलं आपापली ब्युरेट भरून, वेगवेगळ्या टेबलांवर काम करून १०.६ वरच येत असतील, तर मुलांचा हात चुकलेला नाही. हात चुकला की आकडे विखुरतात: कुणाचं ९.८, कुणाचं १०.३, कुणाचं १०.९. सगळे आकडे मिळून एकाच बाजूला सरकले की द्रावण सरकलेलं असतं. बरोबर काम केलेल्या मुलीला "पुन्हा कर" म्हणून तीनदा परत पाठवलेलं मी पाहिलं आहे. चौथ्या वेळी ती मुकाट्याने १०.० लिहून आणते. त्या दिवशी ती काय शिकून घरी जाते, याचा मला आजही त्रास होतो.

उन्हाचा वाटा किती?

पहिलं बोट सगळे उन्हाकडे दाखवतात. नागपूरच आहे. २३ मे २०१३ ला इथं ४७.९ अंश सेल्सिअसची नोंद झाली होती, आणि दुपारी तीन वाजता प्रयोगशाळेतली धातूची स्टँडसुद्धा हाताला चटका देतात. तर्क असा की पाणी तापलं की प्रसरण पावतं, त्याच मोलना जास्त जागा मिळते, म्हणून मोलॅरिटी (लिटरमागे किती मोल) घटते. तर्क अगदी बरोबर आहे, पण त्यात आकडे घालून बघा. पाण्याची घनता २७ अंशांना ०.९९६५ ग्रॅम प्रति मिली असते, ४२ अंशांना ०.९९१४. भागाकार केला की १.००५ येतो. म्हणजे २७ अंशांना केलेलं ०.१००० नॉर्मल द्रावण ४२ अंशांना ०.०९९५ होतं. हा फरक झाला अर्धा टक्का, आणि आपल्याला हिशेब सहा टक्क्यांचा द्यायचा आहे. काचेचं प्रसरण तर विसरूनच जा. बोरोसिलिकेटचा एक लिटरचा फ्लास्क १५ अंशांनी तापला तर जेमतेम ०.१५ मिलीने वाढतो.

शिवाय हा अर्धा टक्काही टायट्रेशनमध्ये फारसा दिसत नाही. कॉस्टिक आणि ऑक्झॅलिक दोन्ही बाटल्या त्याच खोलीत, तेवढ्याच तापलेल्या. दोन्ही सारख्याच फुगल्या आणि रीडिंग हे दोघांचं गुणोत्तर, त्यामुळे परिणाम जवळजवळ कटतो. तापमान नडतं ते एक बाटली एसीच्या खोलीतून आणि दुसरी वरच्या मजल्यावरच्या तापलेल्या स्टोअरमधून आली तर. किंवा द्रावण करताना ते गरम असतानाच खुणेपर्यंत पाणी भरलं तर. १ नॉर्मल कॉस्टिक करताना ४० ग्रॅम गोळ्या २०० मिली पाण्यात टाकल्या की बीकर हातात धरवत नाही. ते तसंच फ्लास्कमध्ये ओतून लगेच लिटर पूर्ण केलं तर सगळं द्रावण खोलीपेक्षा सुमारे दहा अंश गरम असतं. थंड झाल्यावर पातळी खुणेखाली उतरते आणि संहती ०.४ टक्क्यांच्या आसपास जास्त निघते. इथं चुकीची दिशा उलटी आहे हे लक्षात घ्या. (मोलॅलिटी ही द्रावकाच्या किलोग्रॅमवर मोजतात, म्हणून तिला या कशाचाच फरक पडत नाही. परीक्षेत हा प्रश्न दोन गुणांसाठी येतो. नागपूरच्या मुलांना तो मे महिन्यात फ्लास्क दाखवून शिकवावा.)

तेव्हा ऊन दोषी आहे, पण सरळ नाही. ते दुसऱ्याच वाटेने आत येतं.

आधी चुकीचा आकार बघा

कोणतंही द्रावण जुळत नसेल तर सूत्र पुन्हा तपासण्याआधी मी एकच भागाकार करते: आलेली संहती भागिले अपेक्षित संहती. हे गुणोत्तर बरंच काही बोलून जातं.

ते नेमकं २ किंवा ०.५ आलं तर कुणीतरी ऑक्झॅलिक किंवा सल्फ्युरिक आम्लाचा सममूल्यभार (रेणुभार भागिले आम्लीय हायड्रोजनची संख्या) आणि रेणुभार यांची गल्लत केली आहे. नॉर्मल सममूल्यभारावरून काढतात, मोलर रेणुभारावरून. ऑक्झॅलिक आम्लाचा रेणुभार १२६.०७, सममूल्यभार ६३.०४. लिटरमध्ये ६.३ ग्रॅम घातले तर ०.१ नॉर्मल होतं, पण ते ०.०५ मोलर असतं. परमँगनेटच्या बाबतीत हाच घोटाळा ५ पटींचा होतो, आणि माध्यम उदासीन असेल तर ३ पटींचा. गुणोत्तर १.४ आलं तर स्फटिकजल विसरलं आहे, कारण १२६.०७ भागिले ९०.०३ म्हणजे १.४०. मोरचुदात तेच गुणोत्तर १.५६ येतं: पाच पाण्यांसह २४९.६८, पाण्याविना १५९.६१. गुणोत्तर ०.९१ दिसलं की "एकास दहा" या शब्दांवर संशय घ्या. एकूण दहा भागांत एक भाग घ्यायचा होता आणि कुणीतरी एका भागात दहा भाग पाणी ओतलं, म्हणजे एकूण अकरा झाले.

मला सगळ्यात आवडणारं उदाहरण हायड्रोक्लोरिक आम्लाचं आहे. बाटलीवर ३७ टक्के लिहिलेलं असतं, आणि ते वजनाला वजन असतं. १.१८ घनता धरून हिशेब केला तर लिटरला १००० × १.१८ × ०.३७ ÷ ३६.४६, म्हणजे जवळजवळ १२ मोलर. घनता विसरली तर १०.१५ येतं आणि १ नॉर्मलचं लिटर करायला विद्यार्थी ८३.५ मिलीऐवजी ९८.५ मिली आम्ल घेतो. द्रावण मग १.१८ नॉर्मल निघतं. गुणोत्तर म्हणून आम्लाची घनताच समोर येते! हा आकडा दिसला की मी हिशेबाची वही मागवतसुद्धा नाही, कुठली ओळ राहिली ते मला कळलेलं असतं.

"लिटर पाण्यात घातलं" आणि "लिटरपर्यंत केलं" यांतला फरक विरळ द्रावणात दिसत नाही, म्हणून तो वर्षानुवर्षं लपून राहतो. साखरेवर करून दाखवा. ३४२ ग्रॅम साखर लिटरभर पाण्यात टाकली तर एकूण आकारमान १.२ लिटरच्या वर जातं आणि १ मोलरऐवजी सुमारे ०.८२ मोलर मिळतं. घरी पाक करणाऱ्या कुणालाही हे मान्य होईल.

आता आमचं १०.६. गुणोत्तर १.०६. ते २ नाही, १.४ नाही, १.१ पण नाही. हिशेबाच्या चुका अशा बारीक नसतात, त्या ठसठशीत असतात. एक ते सहा टक्क्यांची चूक आली की वजन, पदार्थाची शुद्धता आणि बाटली यांच्याकडे वळायचं.

कॉस्टिक: कूलरसमोर उघडलेली बरणी

कॉस्टिक सोड्याच्या गोळ्या हवेतलं पाणी ओढतात हे सगळ्यांना पाठ असतं. पण नागपुरात एप्रिल-मेमध्ये हवा इतकी कोरडी की ओला टॉवेल तासाभरात वाळतो, मग गोळ्यांना पाणी मिळतं कुठून? उत्तर आमच्या खिडकीत होतं. प्रयोगशाळेला मोठा कूलर आहे. वाळ्याच्या ताट्यांमधून येणारी गार, ओलसर हवा थेट तराजूच्या टेबलावर. आणि तिथंच गार वाटतं म्हणून सगळे वजनं करायला उभे राहतात. बरणीचं झाकण उघडून, चमच्याने गोळ्या काढून, ४.०० ग्रॅम जुळवेपर्यंत दोन-तीन मिनिटं जातात. तेवढ्यात गोळ्या चकाकायला लागतात, वॉच ग्लासला चिकटतात. ती चकाकी पाण्याची. तराजूवर ४.०० दिसतं, त्यात कॉस्टिक मात्र ३.९ च असतं. त्याच झोतामुळे तराजूचा शेवटचा आकडाही नाचत असतो आणि जुळवाजुळव आणखी लांबते.

दुसरा भागीदार कार्बन डायऑक्साइड. गोळीवर सोडियम कार्बोनेटचा पांढरा थर चढतो. कॉस्टिकचा सममूल्यभार ४०, कार्बोनेटचा ५३. म्हणजे तेवढ्याच ग्रॅममध्ये अल्कली कमी. आणि द्रावण करून ठेवल्यावर बाटली उघडमीट होत राहिली की हे काम आतही सुरू राहतं.

म्हणूनच कॉस्टिक हे प्रायमरी स्टँडर्ड नाही, म्हणजे नुसत्या वजनावरून संहती नक्की सांगता येईल असा पदार्थ नाही. "४ ग्रॅम, एक लिटर, ०.१ नॉर्मल" हा फक्त अंदाज असतो. बाटलीवर तो आकडा कायम शाईने लिहिणं हीच आमची मूळ चूक होती.

ऑक्झॅलिक: ओव्हनची गंमत नाही, नुकसान आहे

इतके दिवस आम्ही सगळा दोष कॉस्टिकवर टाकत होतो, कारण ऑक्झॅलिक आम्ल म्हणजे विश्वासाचं माणूस. स्फटिक स्वच्छ, वजन बरोबर, हवेत टिकणारं. एका वर्षी बरणीत हात घातला तेव्हा दिसलं की स्फटिक काचेसारखे न दिसता खडूच्या भुग्यासारखे पांढरे झाले आहेत. चौकशी केल्यावर कळलं की आमच्यापैकीच एकाने पोटॅशियम हायड्रोजन थॅलेट, म्हणजे केएचपी, ११० अंशांना वाळवायला ठेवलं होतं आणि "हेही स्टँडर्डच आहे ना" म्हणून ऑक्झॅलिकही शेजारी ठेवलं. केएचपीसाठी तो नियम बरोबर आहे. ऑक्झॅलिकच्या स्फटिकात पाण्याचे दोन रेणू असतात आणि ६३.०४ हा सममूल्यभार ते पाणी धरून आहे. ओव्हनमध्ये ते पाणी निघून जातं. पूर्ण गेलं तर ६.३ ग्रॅममध्ये ०.१ ऐवजी ०.१४ नॉर्मल भरतं. थोडं गेलं तर मधलं काहीतरी, आणि ते मधलं काय हे कुणालाच सांगता येत नाही.

आता दोन्ही चुका एकत्र ठेवून बघा. कॉस्टिक विरळ झालं की ब्युरेटचं रीडिंग वाढतं. ऑक्झॅलिक तीव्र झालं तरी रीडिंग वाढतं. दोन्ही चुका एकाच दिशेला ढकलतात, म्हणून एकट्या कॉस्टिकचा हिशेब कधीच पुरत नव्हता. नुसतं कॉस्टिक नव्याने करून १०.६ चं १०.२ व्हायचं, सगळे सुटकेचा श्वास टाकायचे आणि दोन टक्के तसेच राहायचे.

दोघांत दोषी कोण, हे तिसरा सांगतो

दोन संशयित एकमेकांविरुद्ध साक्ष देत असतील तर तिसरा साक्षीदार लागतो. आमचा साक्षीदार केएचपी. रेणुभार २०४.२२, एकच आम्लीय हायड्रोजन, स्फटिकजल नाही, १०५ ते ११० अंशांना दोन तास वाळवून डेसिकेटरमध्ये (ओल न लागू देणाऱ्या बंद भांड्यात) थंड केलं की विश्वासाने वजन करता येतं. रेणुभार मोठा असल्यामुळे वजनातली मिलिग्रॅमभर चूकही उत्तरात जाणवत नाही.

आम्ही ०.५१०६ ग्रॅम घेतलं, म्हणजे २.५०० मिलिमोल. पाण्यात विरघळवून फिनॉलफ्थॅलीनवर टायट्रेशन केलं. कॉस्टिक २६.० मिली लागलं. सूत्र: ग्रॅम × १००० ÷ (२०४.२२ × मिली). उत्तर ०.०९६२ नॉर्मल. कॉस्टिक जवळजवळ चार टक्के कमी.

मग ऑक्झॅलिक? १० मिलीला १०.६ मिली कॉस्टिक, तेही ०.०९६२ चं. ०.०९६२ × १०.६ ÷ १० = ०.१०२०. ऑक्झॅलिक दोन टक्के जास्त. चार आणि दोन, मिळून सहा. ज्या दिवशी हा हिशेब फळ्यावर जुळला, त्या दिवशी मला खरोखर हायसं वाटलं. इतकी वर्षं जो आकडा मुलांच्या माथी मारला जात होता, त्याचा शंभर टक्के खुलासा दोन बाटल्यांमध्ये होता.

कॉस्टिकचे चार टक्के पाण्याचे किती आणि कार्बोनेटचे किती, हेही काढता येतं. त्यासाठी दोन इंडिकेटर लागतात. २५ मिली कॉस्टिक फ्लास्कमध्ये घ्या, प्रमाणित केलेलं ०.१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल ब्युरेटमध्ये. फिनॉलफ्थॅलीनचा गुलाबी रंग जातो तिथं एक रीडिंग लिहा, मग त्यातच मिथिल ऑरेंज टाकून पुढे चला. आमचं पहिलं रीडिंग २४.० आलं, दुसरं २४.५. फिनॉलफ्थॅलीनपाशी कार्बोनेटचं काम अर्धंच होतं, ते बायकार्बोनेटपर्यंत येऊन थांबतं. उरलेलं अर्धं मिथिल ऑरेंजपाशी पूर्ण होतं. म्हणून दोन रीडिंगमधला ०.५ मिलीचा फरक म्हणजे अर्धा कार्बोनेट, पूर्ण कार्बोनेट १.० मिलीचा आणि कॉस्टिक २३.५ मिलीचं. एकूण अल्कली २४.५, म्हणजे अर्धा मिली वजनाच्या वेळीच हरवला होता.

यातून एक सोपी खूण मिळते. आठवडाभर ठेवलेल्या बाटलीचं मिथिल ऑरेंजचं रीडिंग तेच राहिलं आणि फक्त फिनॉलफ्थॅलीनचं घटलं, तर झाकण सैल आहे आणि कार्बन डायऑक्साइड आत जातो आहे. दोन्ही पहिल्या दिवसापासून सारखीच कमी असतील, तर गोळ्या ओल्या होत्या. गुलाबी रंग येऊन अर्ध्या मिनिटात विरत असेल तरी संशय कार्बन डायऑक्साइडवरच घ्या.

आता आम्ही कॉस्टिक कसं करतो

वजनाला वजन ५० टक्के, म्हणजे ५० ग्रॅम गोळ्यांना ५० ग्रॅम पाणी. हे द्रावण प्लास्टिकच्या बाटलीत करतो, बाटली गार पाण्याच्या टबात ठेवून, चष्मा आणि हातमोजे घालून, कारण ते भयंकर तापतं आणि डोळ्यात थेंब गेला तर दृष्टी जाऊ शकते. इतक्या संहत कॉस्टिकमध्ये सोडियम कार्बोनेट जवळजवळ विरघळत नाही, ते दोन-चार दिवसांत तळाशी बसतं. वरचं नितळ द्रावण साधारण १९ मोलर असतं. त्यातलं ५.२ मिली घेऊन, उकळून झाकून थंड केलेल्या डिस्टिल्ड वॉटरने लिटर पूर्ण केलं की कार्बोनेट नसलेलं, ०.१ च्या आसपासचं कॉस्टिक मिळतं. मग केएचपी. जो आकडा येईल तो येईल, ०.०९८७ असो की ०.१०१३. तो ०.१००० करण्यासाठी पाणी-गोळ्या घालत बसू नका, तो खरा आकडाच बाटलीवर लिहा आणि पुढे जा.

बाटली प्लास्टिकचीच हवी. काचेचं घासलेलं बूच कॉस्टिकमुळे असं बसतं की मान तोडावी लागते. आणि काम संपल्यावर काचेच्या तोटीची ब्युरेट लगेच धुवा, उद्यावर टाकू नका.

बाटलीच्या आत काय चालतं

आमच्याकडच्या दुपारी सापेक्ष आर्द्रता फार खाली जाते. सैल झाकणातून द्रावणातलं पाणी उडतं आणि संहती वाढते. लिटरच्या बाटलीतून २० ग्रॅम पाणी गेलं की दोन टक्के झालेच. ओळखायचं कसं? बाटली भरली की झाकणासकट वजन करून चिकटपट्टीवर लिहून ठेवा आणि दर वेळी वापरून झाल्यावर नवं वजन टाका. दोन वापरांच्या मध्ये वजन घटलं तर पाणी गेलं.

याहून सहज निसटणारी गोष्ट म्हणजे सकाळी बाटलीच्या आत, मानेजवळ दिसणारे थेंब. ते शुद्ध पाणी असतं, रात्री वर येऊन थिजलेलं. बाटली न हलवता ओतली तर पहिल्या मुलाला हे थेंबही मिळतात आणि त्याचं द्रावण विरळ. नंतर येणाऱ्यांना वेगळं. पहिल्या टेबलापासून शेवटच्या टेबलापर्यंत रीडिंग एकाच दिशेने सरकत गेलं तर हेच कारण असतं, किंवा मग फ्लास्क खुणेपर्यंत भरल्यावर उलटासुलटा केलेलाच नसतो. निदान पंधरा वेळा उलटा. दोनदा हलवून काही होत नाही.

एकाच मुलाचं पहिलं रीडिंग वेगळं आणि पुढची दोन सारखी, हे मात्र हाताचं आहे: ब्युरेट त्याच द्रावणाने खंगाळली नाही, किंवा तोटीखालचा हवेचा बुडबुडा मध्येच निघाला. कॉनिकल फ्लास्क द्रावणाने खंगाळणारीही मुलं असतात. फ्लास्क फक्त डिस्टिल्ड वॉटरने धुवायचा.

परमँगनेटबद्दल थोडक्यात. ते उजेडात आणि धुळीत आपलं आपणच मोडतं, तपकिरी मँगनीज डायऑक्साइड तयार होतं आणि तेच पुढच्या मोडण्याला गती देतं. द्रावण उकळून, रात्रभर ठेवून, काचेच्या लोकरीतून गाळा. कागदातून गाळू नका, कागदालाच ते ऑक्सिडाइझ करतं. गडद बाटली, आणि वापराच्या दिवशी पुन्हा प्रमाणित करणं.

पाणी

मे महिन्यात नळाचा दाब कमी झाला की डिस्टिलेशनचं यंत्र बंद ठेवावं लागतं आणि कुणीतरी कॅन्टीनचं आरओचं पाणी आणतं. पेंच-कन्हानचं पाणी असो की बोअरचं, आरओमधून गेल्यावरही त्यात थोडे क्षार राहतात. कॉस्टिकच्या टायट्रेशनला ते एखादवेळी चालून जाईल, पण ईडीटीएने (कॅल्शियम-मॅग्नेशियमला बांधणाऱ्या रसायनाने) पाण्याचा कठीणपणा मोजताना ते पाणीच कठीण असेल तर उत्तर वाढणारच. परीक्षानळीत थोडं पाणी घेऊन सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाका. ढगाळ झालं तर क्लोराइड आहे, परत पाठवा.

हे सगळं परीक्षेपुरतं नाही. हिवाळ्यात आमची मुलं संत्र्याच्या रसातल्या सायट्रिक आम्लाचा प्रकल्प करतात. एकदा दोन गटांनी एकाच हातगाडीवरची संत्री आणली, एकाच पद्धतीने रस काढला आणि उत्तरांत चार टक्क्यांचा फरक आला. दोघांनी संत्र्यांबद्दल पानभर लिहिलं होतं, एकाने तर सालीच्या जाडीवर कारण ढकललं होतं. फरक कॉस्टिकच्या दोन बाटल्यांचा होता. ज्यांच्या बाटलीत खरं ०.०९६ होतं आणि ज्यांनी ०.१ धरलं, त्यांच्या संत्र्यांत आम्ल चार टक्के जास्त निघालं.

म्हणून आता आमच्या बाटलीवर नुसतं "०.१ नॉर्मल" लिहायला बंदी आहे. लिहायचं ते असं: "कॉस्टिक सोडा, ०.०९६२ नॉर्मल, केएचपीने, तारीख, खोलीचं तापमान, कुणी केलं त्याची सही." त्याखाली बाटलीचं वजन. वजन करताना कूलर बंद, बरणी उघडी राहण्याचा वेळ अर्धा मिनिट. ऑक्झॅलिकच्या बरणीवर लाल अक्षरांत "ओव्हनमध्ये ठेवू नये".

आणि परीक्षेच्या दिवशी, पहिली बॅच आत येण्याआधी, परीक्षक आणि मी त्याच दोन बाटल्यांमधून स्वतः तीन रीडिंग घेतो. उत्तर तेच धरायचं, बाटलीवरून काढलेलं नाही. ज्या वर्षी हा हिशेब लागला त्या वर्षी आम्ही १०.५ ते १०.७ मधल्या सगळ्यांना पूर्ण गुण दिले. दोन मुलांनी १०.० लिहिलं होतं. त्यांना काही न बोलता समोर बसवून पुन्हा टायट्रेशन करायला सांगितलं. एकाचं १०.६ आलं, दुसऱ्याचं १०.५५.